होम थिएटर रिसीव्हरवर टॉवर, सेंटर, सराउंड आणि सबवूफर यांचा क्रॉसओव्हर किती ठेवावा? सल्ला हवा आहे

विजापूररोडकर
नमस्कार. सोलापुरात विजापूर रस्त्यावरील आमच्या फ्लॅटचा हॉल १४ फूट लांब आणि ११ फूट रुंद असून फरशी व्हिट्रिफाइड टाइल्सची आहे. संच ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आहे. पुढे दोन टॉवर (माहितीपत्रकानुसार ४५ हर्ट्झपर्यंत उतरणारे), मध्ये सेंटर, मागच्या भिंतीवर ३ इंची ड्रायव्हर असलेले लहान सराउंड आणि सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात १० इंची सबवूफर, अशी मांडणी आहे. रिसीव्हरला त्याचा माइक जोडून आपोआप मोजणी केली, तेव्हा त्याने टॉवर 'लार्ज' (म्हणजे पूर्ण बास टॉवरनेच वाजवायचा) आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, सेंटरसाठी ६० हर्ट्झ आणि सराउंडसाठी १२० असा ठरवला. चित्रपटातील स्फोट दणदणीत वाजतात, परंतु भजनातील पखवाज आणि तबल्याचा डग्गा पोकळ ऐकू येतो. हे मला फार खटकते, कारण आमच्या घरी चित्रपटांपेक्षा भजने आणि नाट्यसंगीत अधिक ऐकले जाते. खर्चाची मर्यादा ३,००० रुपये आहे. नवीन स्पीकर घ्यायचे नाहीत. सेटिंग कसे करावे एवढेच कृपया सांगावे.

बासप्रेमी
आपल्या अडचणीचे मूळ १० इंची सबवूफर हेच आहे. मी गेल्या वर्षी १२ इंची, बंद पेटीचा सबवूफर घेतला आणि तेव्हापासून क्रॉसओव्हरचा विचारसुद्धा करावा लागलेला नाही. चाळीस हजारांच्या आसपास चांगला नग मिळतो. एकदाच खर्च करावा आणि मोकळे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुळेसोलापूर_श्रोता
खर्चाची मर्यादा ३,००० लिहिलेली असताना चाळीस हजारांचा सल्ला देऊन काय साधणार? विजापूररोडकर, आधी सर्व स्पीकर 'स्मॉल' करा. 'स्मॉल' म्हणजे आकाराने लहान नव्हे. त्या स्पीकरचा खालचा बास सबवूफरकडे वळवायचा, एवढाच त्याचा अर्थ. चित्रपटांच्या ध्वनीची मानके ठरवणाऱ्या टीएचएक्स कंपनीने ८० हर्ट्झचा आकडा रूढ केला, कारण साधारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट उमगत नाही आणि सबवूफर कुठेही ठेवता येतो. म्हणून टॉवर ८०, सेंटर ८० आणि सराउंड १२० ठेवा. 'एलपीएफ फॉर एलएफई' (वरचे सूर अडवणारी गाळणी) ही निराळी बाब असून ती चित्रपटाच्या '.१' वाहिनीपुरती, म्हणजे 'एलएफई' या केवळ खोल बासच्या वाहिनीपुरती आहे. ती १२० वरच राहू द्या. सबवूफरच्या मागे क्रॉसओव्हरची जी घुंडी आहे, ती पूर्ण वर फिरवा किंवा 'एलएफई' असे लिहिलेले असेल तिथे ठेवा. अन्यथा रिसीव्हर एकदा आणि सबवूफर दुसऱ्यांदा आवाज कापतो आणि मधला पट्टा गळून जातो.

टॉवरनिष्ठ
मी याच्याशी सहमत नाही. ज्यांनी टॉवरसाठी पैसे मोजले आहेत, त्यांनी ते 'स्मॉल' का करावेत? माझे टॉवर 'लार्ज' आहेत, सबवूफर 'एलएफई अधिक मेन' या पर्यायावर आहे आणि दोन्हीकडून बास भरभरून येतो. डग्गा पोकळ वाटत असेल, तर हाच पर्याय लावून पाहावा.

जुळेसोलापूर_श्रोता
त्या पर्यायात तोच बास तीन ठिकाणांहून वाजतो आणि बसण्याच्या जागी काही सूर दुप्पट होतात, तर काही एकमेकांना खाऊन टाकतात. आपल्या खोलीत ते जमून आले असेल, परंतु दुसऱ्याला पहिलाच उपाय म्हणून ते सुचवू नये. शिवाय बासाचे ओझे सबवूफरकडे गेले की रिसीव्हरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही मोकळीक मिळते, हा लाभ कमी नाही.

चादरवाले_काका
सर्व जण आकड्यांत अडकले आहेत आणि खोलीकडे कोणाचेही लक्ष नाही. टाइल्सच्या फरशीवर आवाज नाचतो. मी हॉलच्या दोन भिंतींवर जाड सोलापुरी चादरी ताणून लावल्या, खाली सतरंजी अंथरली आणि आवाज लगेच स्थिरावला. एका दुकानदाराने याच कामासाठी महागडे फोमचे तक्ते माझ्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला होता. आपल्याच गावात विणलेल्या वस्तूने काम होत असताना ते कशाला घ्यावेत?

बासप्रेमी
काका, चादरीने बास कमी-जास्त होत नाही. त्यासाठी सबवूफरच मोठा हवा.

शांत_रविवार
माझ्याकडे सर्व स्पीकर ८० वर आहेत आणि मी समाधानी आहे. ८० ठेवा.

मंडप_साउंड
मी मंडळांसाठी साउंड लावतो. १८ इंची बेसची जोडी माझ्या स्वतःच्या हाताने बांधलेली आहे. घरातील संच आणि मंडपातील संच यांत फरक आहे हे मला ठाऊक आहे, तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच असते. डग्गा पोकळ वाटतो म्हटल्यावर पहिली शंका वायर उलट लागल्याची घ्यावी. एका टॉवरची लाल-काळी वायर उलट असेल, तर दोन टॉवरचा बास एकमेकांना मारतो. रिसीव्हर बंद करून त्याच्या बाजूची टॉवरची वायर काढा आणि तिची दोन टोके दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. लाल टोक सेलच्या अधिक बाजूला असताना वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. दोन्ही टॉवर असेच तपासा. खर्च एका सेलचा आहे. केवळ मोजणीच्या माइकवर विसंबून राहू नका.

विजापूररोडकर
सर्वांचे आभार. सेल लावून पाहिला. दोन्ही टॉवरचे पडदे बाहेरच येतात, वायर बरोबर आहेत. सर्व स्पीकर 'स्मॉल' करून ८० ठेवले आणि सबवूफरची घुंडी पूर्ण वर केली. पुष्कळ सुधारणा झाली, परंतु डग्ग्याचा पोकळपणा गेलेला नाही. चादरवाले काका, आपल्या सूचनेवरून सतरंजी अंथरली. टाळी वाजवल्यावर येणारा झणकार खरोखरच कमी झाला आणि गायकाचे शब्द अधिक स्पष्ट झाले. त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

होटगीरोड_मापक
काकांचा सल्ला वरच्या पट्ट्यासाठी योग्य आहे, परंतु डग्ग्याला तो लागू पडणार नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ४.३ मीटर होते. म्हणजे ती लहर तुमच्या हॉलच्या लांबीएवढी आहे. तिच्यासमोर भिंतीला चिकटलेल्या चादरीची जाडी नगण्य ठरते.

आता दोन प्रश्न विचारतो. सोफा हॉलच्या लांबीत कुठे आहे, आणि टॉवरचा पुढचा चेहरा टॉवरच्याच मागील भिंतीपासून किती दूर आहे? १४ फूट लांबीच्या खोलीत पहिला खोली-स्वर (समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारा खोलीचा स्वतःचा सूर) ४० हर्ट्झच्या आसपास येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. टॉवरच्या मागील भिंतीवरून परतणारा आवाजही असाच घात करतो. ते अंतर लहरीच्या पाव लांबीएवढे झाले, की परतलेली लहर उलट होऊन मूळ आवाजाला खाते. सर्वांनी एकच आकडा सांगितला आहे, परंतु त्या आकड्याच्या आसपास तुमच्या खोलीत काय घडते हे मोजल्याशिवाय कळणार नाही. माझ्याकडे मोजणीचा यूएसबी माइक आहे आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. रविवारी माइक घेऊन येऊ शकतो. खर्चाचा प्रश्न नाही.

विजापूररोडकर
सोफा जवळजवळ मध्यावरच आहे. टीव्हीचे लाकडी युनिट दोन फूट खोल असल्याने टॉवर त्याच्या पुढे ठेवावे लागले आणि त्यांचा चेहरा भिंतीपासून ३ फुटांवर आला. आपण अवश्य यावे. चहाची वेळ धरून आलात, तर घरातील सर्वांना आनंद होईल.

होटगीरोड_मापक
३ फूट म्हणजे सुमारे ०.९ मीटर. ३४३ ला त्याच्या चौपटीने भागले की ९५ हर्ट्झ मिळतात. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा बराचसा भाग याच आसपास असतो, त्यामुळे संशय इथेच आहे. शक्य असल्यास टॉवर भिंतीला चिकटवावेत. मग ही दरी, म्हणजे आवाज खचणारा पट्टा, वरच्या सुरांकडे सरकते.

बासप्रेमी
दोन सबवूफर घेतले, तर बऱ्याच दऱ्या भरून निघू शकतात. माझा दुसरा याच दिवाळीत येत आहे.

टॉवरनिष्ठ
मोजणीचे आलेख पाहून कोणी भजन ऐकत नाही. 'लार्ज' करून एकदा शांतपणे ऐका.

विजापूररोडकर
होटगीरोड_मापक यांनी येऊन मोजणी केली. बसण्याच्या जागी ४० च्या आसपास एक आणि ९५ च्या आसपास दुसरी, अशा दोन खोल दऱ्या आलेखावर दिसल्या. सोफा दोन फूट मागे सरकवल्यावर पहिली बरीचशी भरली. टॉवर भिंतीला लावावेत असे त्यांचे म्हणणे होते, परंतु तसे केल्यास ते युनिटच्या आड जातात आणि गायकाचा आवाज दबतो. त्यामुळे ते मी मान्य केले नाही.

त्याऐवजी सबवूफर सोफ्याजवळून उचलून समोरच्या भिंतीला, युनिटलगत ठेवला. तो भिंतीला टेकलेला असल्याने त्याच्या पट्ट्यात ही दरी पडत नाही. टॉवर आणि सेंटर ११० वर ठेवले, म्हणजे ९५ च्या आसपासचा मोठा भार टॉवरऐवजी सबवूफर वाहतो. सराउंड १५० वर नेले, कारण मोठ्या आवाजात ते छोटे ड्रायव्हर चिरकत होते. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा ९५ ची दरी आलेखावर पूर्वीच्या मानाने फारच उथळ झाली होती. पखवाजाची थाप आता छातीपर्यंत येते.

जुळेसोलापूर_श्रोता
११० हा आकडा मला पटत नाही. पुरुषाच्या खर्जाचा भाग त्याखालीही असतो आणि तो सबवूफरमधून आला, तर आवाज एका बाजूला ओढला जाईल. टॉवर ४५ पर्यंत उतरत असताना त्यांना ११० वर कापणे मला अयोग्य वाटते.

शांत_रविवार
८० च योग्य आहे.

विजापूररोडकर
सबवूफर सोफ्याजवळ असताना आपण सांगता तसे निश्चितच झाले असते. आता तो टीव्हीच्याच दिशेला असल्याने आवाज बाजूला ओढला जात नाही. डोळे मिटून घरातील तिघांनी ऐकले आणि तिघांनीही गायक मध्येच असल्याचे सांगितले. ८० वर परत नेऊन ताडून पाहिले आणि ११० च कायम ठेवले. खर्च एका लांब सबवूफर केबलचाच झाला.

होटगीरोड_मापक
टॉवर भिंतीला लावावेत हे माझे मत कायम आहे, परंतु मोजणी तुमच्या बाजूने आहे. दोन गोष्टी सांभाळा. आपोआप मोजणीने ठरवलेला क्रॉसओव्हर वर नेण्यास हरकत नसते, खाली आणू नये; कारण ऑडिसीसारख्या, रिसीव्हरमधील आपोआप मोजणी-सुधारणेच्या प्रणाली त्या स्पीकरच्या मोजलेल्या मर्यादेखाली सुधारणा करत नाहीत. दुसरे असे की, सबवूफरचे अंतर रिसीव्हरने प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले, तरी टेपने मोजून ते बदलू नका. सबवूफरच्या आतील विद्युत् मंडलामुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि तो उशीर त्या आकड्यात धरलेला असतो.

मंडप_साउंड
सबवूफरवरील फेजचा (लहर सुलट की उलट ठेवण्याचा) खटका ० वर आहे की १८० वर? जागा बदलली की तो पुन्हा पाहावा लागतो.

विजापूररोडकर
दोन्ही करून पाहिले. पूर्वी ० वर होता; नव्या जागी १८० वर १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भरीव येतो, म्हणून तिथेच ठेवला आहे.