मदत हवी आहे: मुलं, बाबागाडी आणि फेरीबोटीची वेळ

समुद्रकाठच्या मोठ्या शहरात चार दिवस जातोय. सोबत ३ आणि ८ वर्षांची मुलं, घडीची बाबागाडी आणि गुडघे दुखणारी आजी. मुक्काम किनाऱ्याजवळ, तो आता बदलता येणार नाही. धाकटी १ ते ३ झोपते, त्यात तडजोड नाही.

भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ७:१० ला, पुढे रोज पाऊण तास उशिरा. चौथ्या दिवशी ९:२५. त्यामुळे वाळूतला खेळ सकाळीच, तो प्रश्न सुटला.

अडलंय फेरीबोटीपाशी. ओहोटीला तरंगता धक्का खाली जातो आणि त्यावर उतरायची फळी घसरगुंडीसारखी उभी होते. बाबागाडी एक वेळ उचलता येईल, आजीला कसं उतरवणार? भरती पहिल्या दिवशी दीडच्या सुमारास, म्हणजे नेमकी झोपेत. चौथ्या दिवशी साडेतीनला, पण दुपारी समुद्रावरचा वारा वाढून बोट हलते आणि थोरल्याला बोट लागते. (गोळी आहे, अर्धा तास आधी द्यायची.)

फेरी एकूण दीड तासाची, जाऊन-येऊन. पहिल्या दिवशी ११ ला अर्ध्या भरतीत निघावं, की चौथ्या दिवशी सव्वातीनला? अर्ध्या भरतीत ती फळी आजीला झेपेल इतपत सपाट होते का?