एपिजेनेटिक्स + सेल सिग्नलिंगमध्ये पीएचडी: पुणे घेऊ की नवी मुंबई?

अजिंक्यतारा: एमएस्सी झालंय, सीएसआयआर-जेआरएफ (पीएचडीची सरकारी फेलोशिप) हातात आहे. दोन ठिकाणी निवड झाली. पुण्यात जुनी, नावाजलेली एपिजेनेटिक्स (डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात) लॅब आणि नवी मुंबईत नवीन गाइडची सिग्नलिंग लॅब. पेशीला बाहेरून मिळालेला संकेत क्रोमॅटिनपर्यंत (डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं) कसा पोचतो, यावर मला काम करायचंय, म्हणजे दोन्ही विषय शिकायला हवेत. आईच्या उपचारांसाठी साताऱ्याला वरचेवर जावं लागतं, त्यामुळे महाराष्ट्राबाहेर जमणार नाही. फेलोशिपमधून घरीही पैसे द्यायचेत. कुठली घेऊ?

फ्रायबुर्गकर: सरळ जर्मनी गाठ. आमच्या फ्रायबुर्गमध्ये माक्स प्लांकची इम्युनोबायोलॉजी आणि एपिजेनेटिक्सची संस्था आहे, शिवाय विद्यापीठात सिग्नलिंगचं वेगळं संशोधन केंद्र. श्पेमान आणि हिल्डे मान्गोल्ड यांचा ऑर्गनायझरचा (भ्रूणाची घडण ठरवणारा भाग) प्रयोग इथलाच, १९२४ चा. माझ्या थीसिस कमिटीत दोन्ही विषयांची माणसं आहेत. असं प्रशिक्षण भारतात मिळणार नाही.

अजिंक्यतारा: दादा, महाराष्ट्राबाहेर जमणार नाही असं वर लिहिलंय.

चारमिनार_चहा: मग हैदराबाद? सीसीएमबी या संशोधन संस्थेत क्रोमॅटिनवर कित्येक वर्षांपासून काम चालतं. मी तिथूनच केलं, आजही अभिमान वाटतो.

पिपेटवाली: "भारतात मिळणार नाही" हे मला अजिबात पटत नाही. सॅटबी१ हे क्रोमॅटिन बांधणारं प्रथिन बीटा-कॅटेनिन या संकेत पोचवणाऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन टी पेशींमधली जनुकं कशी चालवतं, म्हणजे डब्ल्यूएनटी नावाचं सिग्नलिंग थेट क्रोमॅटिनला कसं जोडलेलं आहे, हे २०१० मध्ये पुण्यातल्याच गटाने दाखवलं. अजिंक्यतारा, तुझा प्रश्न हाच आहे. पुणे घे.

फ्रायबुर्गकर: एक पेपर म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

पिपेटवाली: कमिटीतली नावं म्हणजे तरी कुठे?

नोटोकॉर्ड: भांडण पुरे. कामाचं सांगतो. रिसेप्टरपासून (संकेत पकडणारं प्रथिन) निघालेलं फॉस्फोरिलेशन (प्रथिनांवर फॉस्फेट लागणं) काही मिनिटांत चढतं आणि उतरतं. हिस्टोन मिथिलेशन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या मिथाइल खुणा, बदलायला बहुतेकदा तास, कधी दिवस लागतात. एमएसके१ सारखा किनेज थेट हिस्टोन एच३ च्या सेरीन १० या जागेवर फॉस्फेट लावतो, ते मात्र पटकन दिसतं. त्यामुळे एकाच प्रयोगात दोन्ही मोजायचं तर वेळांची आखणी आधी हवी: ५ मिनिटं, ३० मिनिटं, ४ तास, २४ तास. ही सवय सिग्नलिंगवाल्यांच्या हाताला असते. चिप-सेक (कुठलं प्रथिन किंवा खूण डीएनएवर कुठे आहे ते शोधणं) वर्कशॉपमध्ये शिकता येतं. फॉस्फो-ब्लॉट (फॉस्फेट लागलेली प्रथिनं मोजणं) मात्र रोज कोणी शेजारी उभं राहून शिकवावा लागतो. लायसिस (पेशी फोडणं) बर्फावर, फॉस्फटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघू न देणारे) ताजे, आणि उशीर अजिबात नाही.

पिपेटवाली: चिप वर्कशॉपमध्ये शिकता येतं?? प्रथिन पकडणाऱ्या अँटिबॉडीचा लॉट बदलला की आमच्या लॅबमध्ये सगळं पुन्हा तपासावं लागतं. ते कुठलं वर्कशॉप शिकवतं?

आर_ची_गोडी: दोन्ही सोडा, कोडिंग शिका. डेटा नुसता पडून असतो, बघणारी माणसं नाहीत.

सांगलीकर_काका: बाळा, मोठ्या नावावर जाऊ नकोस. मुलीच्या गाइड मध्येच निवृत्त झाल्या आणि नवीन गाइडने विषयच बदलायला लावला. निवृत्तीला किती वर्षं आहेत ते आधी विचार. आणि जेआरएफचे ३७,००० कागदावर दरमहा असतात, खात्यात कधीकधी बरेच महिने थांबून एकदम येतात. घरी पैसे द्यायचे असतील तर तेवढी सोय करून ठेव.

चारमिनार_चहा: काकांचं बरोबर. हॉस्टेल मिळालं तर एचआरए (घरभाडे भत्ता) मिळत नाही, हेही धरून चाल. पण हैदराबादच बघ.

कृष्णाकाठ: पुणेच. साताऱ्याला स्वारगेटहून एसटी धरली की झालं. नवीन गाइडचा भरवसा कोणी द्यायचा?

फ्रायबुर्गकर: पुणे तर पुणे. नवीन लॅब नको, एवढं तरी ऐक.

अजिंक्यतारा: सगळ्यांचे आभार. पुण्यातल्या गाइडना निवृत्तीला चार वर्षं आहेत, ते विचारलं. नोटोकॉर्ड दादांनी लिहिलेल्या वेळा घेऊन नवी मुंबईच्या मॅडमशी बोलले. त्यांनी वही काढून पूर्ण टाइम-कोर्स माझ्यासोबत आखला आणि पुण्यातल्या एका क्रोमॅटिनवाल्या सरांना को-गाइड म्हणून स्वतःच ईमेल केला. सरांचा होकार आला. लॅबमधल्या दोन्ही विद्यार्थ्यांशी मॅडमना बाहेर ठेवून बोलले, दोघंही मोकळेपणाने बोलले. नवी मुंबई घेतेय. प्रवास जास्त पडेल, पण आईला विचारलं, ती हो म्हणाली.

पिपेटवाली: चूक करतेयस असं मला अजूनही वाटतं. को-गाइडचं नाव नोंदणीच्या अर्जातच घाल, नंतर घालायला फार त्रास होतो.