मदत हवी आहे : इंडोनेशियन ‘बाचा’ आणि त्याची रूपे

नमस्कार. मी घरच्या घरी इंडोनेशियन शिकत आहे. ‘मम्बाचा’ म्हणजे वाचणे, हा शब्द मी कोशात ‘एम’ या अक्षराखाली शोधत बसलो आणि अखेर तो ‘बाचा’ या मूळ रूपाखाली, सगळ्या गोतावळ्यासह सापडला. संस्कृत ‘वाच्’शी असलेले त्याचे नाते, म्हणजेच आपल्या ‘वाचणे’शी असलेले नाते, मला पटते, कारण ‘व’चा ‘ब’ झाल्याची इतर उदाहरणेही तेथे आहेत : विषाचे ‘बिसा’ झाले आणि विचाराचे ‘बिचारा’. (या ‘बिचारा’चा अर्थ मात्र बोलणे असा आहे!) माझ्याकडील 1972 पूर्वीच्या पुस्तकात यातला ‘च’ ‘टीजे’ असा लिहिलेला आहे, पण तो केवळ जुन्या लेखनपद्धतीचा भाग आहे, हे उमगले.

अडचण पुढे आहे. ‘बाचाआन’ आणि ‘पम्बाचाआन’ या दोहोंसाठी मला मराठीत ‘वाचन’ हाच शब्द सुचतो, मग दोन रूपे कशासाठी? ‘मम्बाचाकान’मधील ‘कान’ काय करतो? आणि जावानीजमध्ये वाचण्याला ‘माचा’ म्हणतात, तर तेथे ‘म’ कोठून आला? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जावानीजमध्ये मूळ ‘वाचा’ असेच आहे. कर्तरी रूप करताना आरंभीचा ‘व’ अनुनासिकात विरून ‘माचा’ होते, परंतु कर्मणी ‘दिवाचा’मध्ये तो जसाच्या तसा दिसतो. इंडोनेशियनमध्ये ‘ब’ लोप पावत नाही, म्हणून ‘मम्बाचा’. ‘पाकाय’ म्हणजे वापरणे, याचा ‘प’ मात्र गळतो आणि ‘ममाकाय’ होते.

‘बाचाआन’ म्हणजे जे वाचायचे ते, वाचनसाहित्य. ‘पम्बाचाआन’ म्हणजे वाचण्याची क्रिया, उदाहरणार्थ काव्यवाचन किंवा निकालपत्राचे वाचन. आपण दोन्ही अर्थ एकाच शब्दावर भागवतो, म्हणून घोटाळा होतो. वाचणारा तो ‘पम्बाचा’. ‘मम्बाचाकान’ला मराठीत नेमका जोड आहे : वाचून दाखवणे. आई मुलाला गोष्ट वाचून दाखवते, तेथे हेच रूप येते.

आपण न विचारलेले ‘तर्बाचा’ही लक्षात ठेवावे. ‘तिदाक तर्बाचा’ म्हणजे वाचता येत नाही. हस्ताक्षराविषयी बोलताना आपण ‘अक्षर लागत नाही’ म्हणतो, तेच.