एकाच मजकुरातून छापील अंक, ईपब आणि वेबसाइट: टूलने काय गाळलं ते टूलनेच ओरडून सांगायला हवं

कीबोर्ड_माहीम

आमच्या दिवाळी अंकासाठी आम्ही तिघं मिळून एक टूल लिहितोय. मजकूर एकदाच ठेवायचा, साध्या मार्कडाउनमध्ये (म्हणजे साध्या मजकुरातच तारे, कंस अशा खुणा टाकून मथळा, ठळक वगैरे दाखवायची पद्धत), आणि त्यातून छपाईची पीडीएफ, मोबाइलवर वाचायला ईपब, वेबसाइटचं एचटीएमएल आणि मुद्रितशोधकांना पाठवायला डॉक्स (वर्डची फाइल) असं सगळं बाहेर पडायचं. आतली रचना सरळ आहे. आलेलं काहीही आधी एका ट्रीमध्ये बसवायचं, म्हणजे परिच्छेद, कविता, तळटीप, फोटो असे नोड, आणि मग प्रत्येक फॉरमॅटचा वेगळा रायटर तो ट्री वाचून आपलं आउटपुट काढणार. ५ प्रकारचे इनपुट आणि ४ आउटपुट धरले तर थेट रूपांतरं २० लिहावी लागतात, मधे ट्री असला की ५ रीडर (इनपुट वाचून ट्री बनवणारे) आणि ४ रायटर, एवढंच. इथपर्यंत तिघांचं एकमत आहे.

वाद पुढे आहे. सगळे फॉरमॅट सगळं पेलू शकत नाहीत. तळटीप कागदावर पानाच्या तळाशी येते, ईपबमध्ये टॅप केल्यावर उघडते, वेबवर लेखाच्या शेवटी जाते, हे ठीक आहे, जमवता येतं. पण लेखकाने 'पान ४२ पहा' असं लिहिलं असेल तर ईपबमध्ये पान ४२ असं काही नसतंच, अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. माझं म्हणणं असं की अशी गोष्ट दिसली की टूलने थांबायचं, फाइल आणि ओळ दाखवायची आणि माणसाने निर्णय दिल्याशिवाय आउटपुट द्यायचंच नाही.

बाकी दोघं म्हणतात की ऐन अंकाच्या घाईत कोण थांबणार, वॉर्निंग लॉगमध्ये टाका आणि पुढे चला. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण एकच उदाहरण देऊन सांगतो. रफार आणि अर्धा र वेगळे दाखवायचे तर टाइप करणारा एकतर ऱ आणि हलन्त वापरतो, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. आता बहुतेक कोडमध्ये 'न दिसणारा कचरा साफ करा' अशी एक पायरी असते, ती हे जॉइनर पण उडवते, आणि 'आचाऱ्यांना जेवणाचं सांगा' याचं 'आचार्यांना जेवणाचं सांगा' होतं. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. दोन्ही शब्द बरोबर आहेत, त्यामुळे स्पेलचेकरला काही कळत नाही, मुद्रितशोधकाच्या डॉक्समध्ये नीट दिसलेलं असतं आणि छापील पानावर चुकलेलं निघतं. असं चुपचाप होणारं नुकसान मला चालणार नाही. बोला.

जुळणी_लालबाग

टूल थांबावं की नाही हा पुढचा प्रश्न आहे भाऊ, मुळात छापील अंक टूलमधून काढावा हेच मला मान्य नाही. मी अंकांची पानं लावतो, बरीच वर्षं. पान लावणं म्हणजे मजकूर ओतणं नव्हे. जाहिरातदाराने उजव्या हाताचं पूर्ण पान घेतलंय, तर ते उजव्या हातालाच गेलं पाहिजे, मग आधीची कथा अर्ध्या पानावर संपत असली तर तिथे छोटी कविता किंवा रेखाचित्र बसवावं लागतं, चित्रकाराला फोन करावा लागतो. अंक १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका वेळी १६ पानांच्या गठ्ठ्याने छापला जातो, शेवटी ३ पानं जास्त झाली तर ती कुठून कापायची हे संपादक आणि मी शेजारी बसून ठरवतो, कधी टाइप अर्ध्या पॉइंटने कमी करतो, कधी एका लेखातला फोटो लहान करतो. रंगाचं पण बघा, मशीनला सीएमवायके (छपाईच्या चार शाया) लागतं आणि वेबवरून आलेले फोटो आरजीबी (स्क्रीनचे रंग), ते तसेच गेले की केशरी मळकट दिसतो. तुमच्या ट्रीमध्ये यातलं काय आहे? ईपब आणि वेबसाइट खुशाल टूलमधून काढा, छपाईसाठी मजकूर माझ्याकडे द्या.

कीबोर्ड_माहीम

दादा, तुमचं काम काढून घ्यायचं नाहीये. पण मजकूर तुमच्याकडे गेला की तो दुसरी वाट धरतो. शेवटच्या प्रूफमध्ये लेखिका दोन वाक्यं बदलते, तुम्ही ती पानावर बदलता, आणि ईपबमध्ये जुनीच राहतात. मग खरा मजकूर कुठला? मला एवढंच हवंय की दुरुस्ती मूळ फाइलमध्ये व्हावी.

लुआ_फिल्टर

मी दोघांच्याही विरोधात. पॅन्डॉक हे एका फॉरमॅटची फाइल दुसऱ्यात बदलणारं टूल २००६ पासून आहे, जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिलेलं, ते बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, आणि तुम्ही जो ट्री, रीडर, रायटर म्हणताय ते सगळं त्यात तयार आहे, फुकट आहे आणि जगभरच्या लोकांनी घासूनपुसून घेतलेलं आहे. डॉक्सचा लुक बदलायचा तर स्वतःची रेफरन्स (नमुना) फाइल द्या, ट्रीमध्ये काही बदलायचं तर लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा फिल्टर लिहा, 'पान ४२ पहा' शोधणारा फिल्टर तर एका संध्याकाळी होईल. वॉर्निंग आली की थांबायचा ऑप्शनसुद्धा आहे. पीडीएफसाठी झीटेक हे पानं जुळवणारं सॉफ्टवेअर लावा, ते हार्फबझ या अक्षरं जोडणाऱ्या कोडने देवनागरी जुळवतं, जोडाक्षरं व्यवस्थित येतात. डॉक्स म्हणजे झिपमध्ये भरलेलं एक्सएमएल, त्याचं स्टँडर्ड हजारो पानांचं आहे, तो रीडर तुम्ही तिघं नोकरी सांभाळून लिहिणार? दिवाळीनंतर त्याची देखभाल कोण करणार? आधी याचं उत्तर द्या.

कीबोर्ड_माहीम

देखभालीचा मुद्दा मान्य, डॉक्सचा रीडर आम्ही लिहिणार नाही, पॅन्डॉकचाच घेऊ. पण 'वॉर्निंग आली की थांबतं' यावर माझं समाधान होत नाही, कारण जिथे नुकसान होतं तिथे वॉर्निंग येतेच असं नाही. कोणी वर्डमध्ये 'कविता' नावाची स्वतःची स्टाइल केली असेल तर पॅन्डॉक ती बाय डिफॉल्ट सोडून देतं, स्टाइल्सचं एक्स्टेन्शन मुद्दाम चालू केलं तरच राहते. ट्रॅक चेंजेस, म्हणजे वर्डमध्ये खुणा करून ठेवलेल्या दुरुस्त्या, बाय डिफॉल्ट स्वीकारून टाकतं आणि समासातल्या कॉमेंट गाळतं. हे त्यांनी मॅन्युअलमध्ये नीट लिहिलंय, त्यांचा दोष नाही, पण संपादक मॅन्युअल वाचत नाही. म्हणून वरचा पहारा आमचा हवा.

लाल_पेन_पार्ले

मुद्रितशोधनाच्या बाजूने लिहिते. तुम्ही सगळे मूळ मजकूर मार्कडाउनमध्ये असणार असं धरून चाललाय. आमच्या लेखकांत सत्तरीच्या पुढचे कितीतरी जण आहेत, कुणी वर्डमध्ये पाठवतं, कुणी व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांत, कुणाची फाइल अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असते, जी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यांना तारांकित चिन्हं आणि चौकोनी कंस शिकवायचे का? आणि मी तपासणार डॉक्समध्ये, तुम्ही तो परत मार्कडाउनमध्ये नेणार, म्हणजे माझ्या प्रत्येक दुरुस्तीला परतीचा प्रवास आला. वर्डचीच फाइल मूळ धरा. गाळायचं असेल ते एकाच दिशेने जाताना गळेल. आणि टूल दर ओळीला थांबायला लागलं तर लोक तिसऱ्या दिवशी सगळ्याला 'हो' म्हणत सुटतील, तेव्हा तो पहारा असून नसून सारखाच.

ऐकतो_मी

स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचणाऱ्यांपैकी एक. इथे सगळी चर्चा कागदाची चाललीय म्हणून लिहितोय. पीडीएफ डोळ्याला सुंदर दिसते पण तिच्या आत अक्षरं नसतात, अक्षरांचे आकार असतात, ते जागेवर मांडलेले. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण कागदावर त्याच्या आधी काढली जाते, पीडीएफ बनवणाऱ्या टूलने मूळ मजकूर आत सोबत ठेवला नसेल तर माझा स्क्रीन रीडर 'किती'सुद्धा धड वाचत नाही, जोडाक्षरांचं तर बोलायलाच नको. म्हणून मी कीबोर्ड_माहीम यांच्या बाजूने आहे, आणि त्यांच्याही पुढे जाऊन म्हणतो की पीडीएफ तयार झाल्यावर टूलने तिच्यातून मजकूर परत काढून मुळाशी ताडून बघावा, जुळला नाही तर थांबावं. फोटोला वर्णन नसेल तरीही थांबावं. ईपबच्या आत एचटीएमएलच असतं, तिथे मथळा मथळा म्हणून टॅग केला की मी लेखावरून लेखावर उडी मारू शकतो. नुसता ठळक टाइप केलेला मथळा मला साध्या ओळीसारखाच ऐकू येतो. डोळस माणसाला पण ईपबच बरा, विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून ए-फोरची पीडीएफ झूम करून वाचता येते का सांगा.

कीबोर्ड_माहीम

मजकूर परत काढून ताडायची कल्पना घेतली, आजच लिहायला बसतो, रफार आणि जॉइनरची गडबडसुद्धा तिथेच पकडली जाईल. लाल पेन ताई, दर ओळीला थांबणार नाही. एकदा दिलेला निर्णय फाइलमध्येच नोंदला जाईल आणि पुन्हा विचारला जाणार नाही. लेखकांनी वर्डमध्येच पाठवावं, त्यांना काही शिकवायचं नाही. पण वर्डची फाइल मूळ धरायला माझा विरोध कायम आहे, कारण तिथे मथळा कुणी स्टाइल लावून करतं, कुणी नुसता बोल्ड करून, आणि वरचीच तक्रार परत येते.

लाल_पेन_पार्ले

म्हणजे बोल्डचा मथळा करायचं काम शेवटी माझ्याकडेच येणार. ते मी करीन, पण वर्डमध्ये. माझं मत बदललेलं नाही.

जुळणी_लालबाग

दुरुस्ती मूळ फाइलमध्ये व्हावी हे मला मान्य आहे, ती मी फोनवरून कळवत जाईन. पण अंतिम पानं माझ्या हातात. मला लेख, मथळा, कविता, तळटीप अशा वेगवेगळ्या स्टाइल लावलेली फाइल द्या, जी सॉफ्टवेअरमध्ये उचलली की तशीच बसेल, मग तुमचं टूल माझ्या कामाचं. आणि एक सांगा, शेवटच्या रात्री मी कथेतली ओळ कमी करायला एक शब्द काढला, तर तो ईपबमधूनही जाणार का? कारण ईपबमध्ये जागेची काही अडचणच नाही, तिथे लेखकाचा शब्द का काढायचा?

लुआ_फिल्टर

हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते नाही जाता कामा. छापील आवृत्तीपुरता बदल असा वेगळा नोड हवा.

कीबोर्ड_माहीम

मला ते धोक्याचं वाटतं. असे पन्नास नोड झाले की पुन्हा दोन मजकूर तयार. शब्द काढायचाच असेल तर लेखकाला विचारून सगळीकडून काढा, नाहीतर ओळ तशीच राहू द्या.