रोखे विमा कंपनीचे मानांकन आणि न्यायालयीन तडजोडी : नेमका संबंध काय?

प्रश्नकर्ता : ऐरोलीकर

नमस्कार. ऐरोलीच्या आयटी पार्कमधील एका कार्यालयात अमेरिकी वित्तीय कंपन्यांचे जुने ताळेबंद तपासण्याचे काम मी करतो. सध्या रोखे विमा कंपन्यांचे, म्हणजे नगरपालिका आणि इतर संस्थांच्या कर्जरोख्यांच्या मुद्दल-व्याजाची हमी घेणाऱ्या कंपन्यांचे अहवाल हाती आहेत. त्यांत दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. पहिली अशी की, तडजोडीत कंपनीला पैसे मिळाले तर ती चांगली बातमी ठरते हे उघड आहे. परंतु कंपनीने स्वतः अब्जावधी डॉलर मोजून दावे मिटवले तरी अहवालात त्याचे वर्णन समाधानाच्या सुरात का केलेले असते? दुसरी गोष्ट अशी की, एमबीआयए समूहातील ‘नॅशनल’ या कंपनीचे मानांकन, म्हणजे देणी फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा, एस अँड पी या मानांकन संस्थेने 2017 च्या जूनमध्ये ‘एए उणे’वरून ‘ए’वर आणले आणि त्यानंतर कंपनीने नवा विमा देणेच थांबवले. ‘ए’ हे मानांकन वाईट नाही, मग दुकान बंद करण्याची पाळी का यावी? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद : वाशीचा निवृत्त विमा अधिकारी

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कळल्याशिवाय पहिल्याचे कळणार नाही. इतर कंपन्यांच्या बाबतीत मानांकन हा त्यांच्याविषयीचा अभिप्राय असतो. रोखे विमा कंपनीच्या बाबतीत मानांकन हाच तिचा विक्रीचा माल असतो. एखाद्या नगरपालिकेचे स्वतःचे मानांकन ‘ए’ असेल आणि तिच्या रोख्यावर ‘एएए’ या सर्वोच्च मानांकनाच्या कंपनीने हमी दिली, तर तो रोखा बाजारात ‘एएए’ म्हणून विकला जातो, नगरपालिकेचे व्याज वाचते आणि त्या बचतीतला काही भाग विम्याचा हप्ता म्हणून कंपनीला मिळतो. हमी देणारी कंपनीच ‘ए’वर उतरली तर वाचवायला व्याज उरत नाही, आणि मग हप्ता कशाचा द्यायचा? अमेरिकेतील बहुतेक नगरपालिकांचे मानांकन मुळातच ‘ए’ किंवा त्याहून वरचे असल्याने ‘नॅशनल’कडे विकण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. भांडवल तेच आणि कर्मचारीही तेच, तरीही धंदा थांबला तो यामुळे.

2008 मध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. या कंपन्यांनी नगरपालिकांचा सुरक्षित धंदा सोडून सबप्राइम, म्हणजे कमी पत असलेल्या कर्जदारांच्या, गृहकर्जांवर आधारलेल्या गुंतागुंतीच्या रोख्यांना हमी द्यायला सुरुवात केली होती. फिच या मानांकन संस्थेने 18 जानेवारी 2008 रोजी ॲम्बॅक या रोखे विमा कंपनीचे ‘एएए’ काढून घेतले आणि जूनमध्ये एस अँड पी व मूडीज या दोन मानांकन संस्थांनी ॲम्बॅक आणि एमबीआयए या दोन्ही कंपन्यांना खाली आणले. त्याआधी 2005 च्या सुमारास अमेरिकेतील नव्या नगरपालिका रोख्यांपैकी निम्म्याहून अधिक रोखे विमा उतरवलेले असत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण एक आकडी टक्क्यांवर आले.

मानांकन घसरले म्हणजे केवळ नवा धंदा जातो असे नाही. या समूहांनी नगरपालिकांकडून हमीच्या व्याजदरावर ठेवीसारखे पैसे स्वीकारले होते, आणि त्या करारांत अशी अट होती की मानांकन ठरावीक पातळीखाली गेले तर कंपनीने जादा तारण ठेवावे किंवा पैसे परत करावेत. रोकड जपण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ही मागणी येते; दुष्काळात तेरावा महिना तो हाच. विम्याच्या मूळ कराराचे मात्र तसे नाही. रोखा बुडाला तरी कंपनीला सगळी रक्कम एकदम द्यावी लागत नाही. ज्या तारखेला जे व्याज किंवा मुद्दल देय असेल तेवढेच द्यायचे असते. म्हणूनच मानांकन गमावलेल्या कंपन्याही पुढे वर्षानुवर्षे जुने करार निभावत राहतात.

प्रतिसाद : घोडबंदर रोडवरचा वकील

वरील खुलासा उत्तम आहे. तडजोडींचे म्हणाल तर त्या दोन दिशांच्या असतात आणि ताळेबंदात त्यांच्या जागा वेगळ्या असतात.

पहिल्या प्रकारात विमा कंपनी फिर्यादी असते. कर्जाची माहिती खोटी होती, कर्जदारांचे उत्पन्न फुगवून दाखवले होते, सबब ही कर्जे तुम्ही परत विकत घ्या, असा दावा ती गृहकर्ज देणाऱ्या बँकेवर लावते. गंमत अशी की निकाल लागण्याआधीच कंपनी या दाव्यातून मिळू शकणाऱ्या पैशाचा अंदाज ताळेबंदात वसुली म्हणून धरते. मानांकन संस्था त्या अंदाजाला पूर्ण किंमत देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षे झिजवाव्या लागतील हे कोणीही सांगू शकत नाही. ॲम्बॅकने कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीविरुद्ध 2010 मध्ये दावा लावला आणि तिची मालक असलेल्या बँक ऑफ अमेरिकेकडून 1.84 अब्ज डॉलर मिळण्याची तडजोड झाली ती 2022 च्या ऑक्टोबरमध्ये.

दुसऱ्या प्रकारात कंपनी देणेकरी असते, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. 2010 मध्ये ॲम्बॅकने काही बँकांशी करार करून 16.4 अब्ज डॉलरच्या हमी रद्द करून घेतल्या, त्यासाठी 2.6 अब्ज डॉलर रोख आणि 2 अब्ज डॉलरचे दुय्यम दर्जाचे रोखे दिले. रक्कम प्रचंड दिसते खरी, पण नुकसान 5 अब्ज होईल की 15 अब्ज हे ठाऊक नसलेली जबाबदारी एका ठरलेल्या आकड्यावर मिटली. बँकेलाही बुडत्या कंपनीकडून पुढेमागे तुकड्यातुकड्यांनी मिळण्यापेक्षा आज हाती येणारे बरे वाटते. तुटेपर्यंत न ताणण्यात दोघांचेही हित असते. अहवालातील समाधानाचा सूर त्यामुळे आलेला आहे. अर्थात तडजोडीच्या त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲम्बॅकच्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, हेही ध्यानात ठेवावे.

एमबीआयएचे 2013 चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 2009 च्या फेब्रुवारीत या समूहाने नगरपालिकांचा धंदा ‘नॅशनल’कडे वळवला आणि गृहकर्ज-रोख्यांची जबाबदारी ‘एमबीआयए इन्शुरन्स’कडे ठेवली, त्याविरुद्ध बँका कोर्टात गेल्या. दरम्यान रोकड संपत आलेल्या ‘एमबीआयए इन्शुरन्स’ला ‘नॅशनल’ने कर्ज दिले होते, आणि ते बुडण्याची भीती असल्यामुळे धडधाकट ‘नॅशनल’चे मानांकनही ‘ए’च्या बरेच खाली, ‘बीबी’पर्यंत घसरले होते. 2013 च्या मे महिन्यात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे 1.6 अब्ज डॉलर रोख दिले, विभाजनाविरुद्धची तक्रार सोडली आणि काही जुन्या हमीही रद्द झाल्या. तो पैसा आला ‘एमबीआयए इन्शुरन्स’कडे, पण तिने त्यातून ‘नॅशनल’चे कर्ज फेडले, आणि एस अँड पीने लगोलग ‘नॅशनल’ला ‘बीबी’वरून ‘ए’वर नेले. मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे 45 टक्के वधारला.

ऐरोलीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. म्हणजे मोठी तडजोड झाली की मानांकन वाढणार, असे गृहीत धरून चालावे काय?

वाशीचा निवृत्त विमा अधिकारी

मुळीच नाही. अॅश्युअर्ड गॅरंटी या दुसऱ्या रोखे विमा कंपनीने 2011 च्या एप्रिलमध्ये बँक ऑफ अमेरिकेकडूनच सुमारे 1.6 अब्ज डॉलरची तडजोड मिळवली, तरीही नोव्हेंबरमध्ये एस अँड पीने तिला ‘एए अधिक’वरून ‘एए उणे’वर आणले. कारण, मोजण्याचे निकषच बदलले आणि एकेका मोठ्या कर्जदारावर किती जोखीम एकवटली आहे याला अधिक वजन आले. तडजोड गतकाळातील नुकसान भरून काढते. मानांकन पुढच्या वाईट काळाचा विचार करते. एकवटलेली जोखीम काय करते हे पुढे पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटाने दाखवले. त्या एका प्रदेशाच्या थकबाकीत या व्यवसायातल्या जवळजवळ सगळ्याच कंपन्या अडकल्या.

प्रतिसाद : नौपाड्याची गुंतवणूकदार

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडे सांगते. भारतात नगरपालिका रोख्यांना अशा खासगी विम्याची प्रथा रुजली नाही. अहमदाबादने 1998 मध्ये 100 कोटींचे आणि पुणे महापालिकेने 2017 मध्ये 200 कोटींचे रोखे काढले, तेव्हा भिस्त होती ती कराचे उत्पन्न वेगळ्या खात्यात आधी बाजूला काढून ठेवण्याच्या व्यवस्थेवर. सहकारी बँकेतील आपल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत जो ठेव विमा असतो, त्यात हमी देणारे महामंडळ रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे असल्याने त्याचे मानांकन काय, हा प्रश्न ठेवीदाराला कधी पडत नाही. खासगी हमीदार असला की तोच प्रश्न पहिला ठरतो. माझ्या मते ऐरोलीकरांनी प्रत्येक अहवालात समूहातील नेमक्या कोणत्या कंपनीला पैसे मिळाले आणि तिच्यावर आधीचा हक्क कोणाचा होता, हे प्रथम शोधावे. ॲम्बॅकच्या अडचणीतील हमींसाठी वेगळ्या काढलेल्या खात्यातील विमाधारकांना 2012 मध्ये मान्य दाव्याच्या केवळ 25 टक्के रोख मिळू लागले आणि 2014 मध्ये ते प्रमाण 45 टक्के झाले. मूळ कंपनीचे भागधारक रांगेत त्यांच्याही मागे होते.

घोडबंदर रोडवरचा वकील

सहमत. अपेक्षित वसुलीची रक्कम भांडवलाच्या तुलनेत किती आहे, तेही टिपणांमध्ये पाहावे. ती भांडवलाच्या जवळपास किंवा अधिक असेल, तर त्या कंपनीचे अस्तित्व एका खटल्याच्या निकालावर टांगलेले आहे असे समजून पुढची पाने वाचावीत.