होझियाचा शायर घोडा ठेवू की विकू?

मुरारजीपेठकर
'रेड डेड रिडेम्प्शन २' हा काउबॉयचा व्हिडिओ गेम आला २०१८ ला, मी सुरू केला यंदा दिवाळीत. दुसऱ्या प्रकरणात आपल्या टोळीतला होझिया एक धिप्पाड शायर जातीचा घोडा आपल्या हाती देतो आणि व्हॅलेंटाइन गावच्या तबेल्यात विकून ये म्हणतो. मी विकला नाही. तेव्हापासून त्याच्यावरच फिरतोय, बाँडिंग, म्हणजे घोड्याशी जुळलेलं नातं, चौथ्या लेव्हलला, म्हणजे फुल झालंय. आता दोस्त लोक मागं लागलेत, विक म्हणून. माझं मन होत नाही. आमचे आजोबा टांगा चालवायचे. घरी आल्यावर आधी घोड्याचं दाणापाणी, मग स्वतःचं ताट. मी म्हणतो विकू नये. तुमचं काय?

विजापूरवेस_गेमर
विक बे! शायर ही इंग्लंडातली जात, नांगर आणि जड गाड्या ओढायला वाढवलेली. गेममध्ये पण तसंच, अंगात ताकद लई, पण पळ नाही. बाउंटीवाले, म्हणजे बक्षिसासाठी तुला पकडायला येणारे, मागं लागल्यावर काय करतो? वायव्येला बर्फात इसाबेला तलावाजवळ पांढरा अरबी घोडा फिरतो. एक पैसा लागत नाही, दोर टाकून माणसाळवायचा. तुझं खोगीर काढून त्याच्यावर चढव, विषय संपला.

मुरारजीपेठकर
पळ कमी आहे, मान्य. पण प्रत्येक लेव्हलला त्याची हेल्थ आणि स्टॅमिना वाढलीय, ती मी चारून, ब्रश मारून, मान थोपटून वाढवलीय. एकदा कड्यावरून पडला. या गेममध्ये घोडा मेला की कायमचा मेला. वेळेत औषध दिलं म्हणून उठला. त्या दिवसापासून ती बाटली संपू देत नाही मी.

विजापूरवेस_गेमर
अरे, चार लेव्हल अरबी घोड्याच्या पण होतात की! चारा तोच, ब्रश तोच. आधी केलंस म्हणून आता अडकून बसायचं का? आणि अरबी वळतो कसा ते एकदा बघ, झाडीतून भरधाव काढता येतो.

अकलूजकर
आमच्याकडं दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, लहानपणापासून बघतोय. नुसता पळ बघून कोणी घोडा घेत नाही. दात बघतात, खूर बघतात, भोवरे कुठं आहेत ते बघतात, चालवून बघतात. आणि विकणाराही घेणाऱ्याला पारखतो, नीट सांभाळेल का म्हणून. विकण्यात बेइमानी नाही, हे विजापूरवेसचं म्हणणं मला मान्य. पण गेममध्ये विकला की तो कुणाच्या दावणीला गेला ते कळतच नाही. पैसे घेतले की घोडा नाहीसा. मला तेच खटकतं. अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, तेव्हा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. अशा मुलखातल्या पोराला शायर विकवत नसेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

जुळे_सोलापूर
गेम संपवला नसेल तर पुढचं वाचू नका.

सहाव्या प्रकरणाच्या शेवटी तू ज्या घोड्यावर असशील त्याला गोळी लागते, तो वाचत नाही. आर्थर, म्हणजे गेममध्ये आपण खेळतो तो गडी, त्याच्याजवळ गुडघे टेकतो, आभार मानतो. मी त्या वेळी असाच कुठला तरी घोडा घेऊन गेलो होतो, त्याचं बाँडिंगही धड नव्हतं. त्या आभारांना काही अर्थच उरला नाही, अजून चुटपुट लागते. शायर ठेव.

विजापूरवेस_गेमर
उलट आहे बे. एवढा जीव असेल तर त्याला मरायला कशाला नेतो? आत्ताच विक आणि शेवटाला अरबी ने.

मुरारजीपेठकर
नाही. ज्याच्याशी काही नातंच नाही अशा घोड्याला मरायला पुढं करायचं आणि आपला वाचवायचा, हे मला जमणार नाही. आणि आर्थरला आभार मानायचेच असतील, तर ज्यानं दुसऱ्या प्रकरणापासून वाहिलं त्याचे मानू दे. अरबी पकडेन, झाडीतल्या कामाला वापरेन, त्याचंही बाँडिंग करेन. पण शेवटच्या दिवशी खोगीर शायरवरच. आजच ओट्स आणि औषधाच्या दोन बाटल्या घेऊन ठेवल्यात.