ताडोबासाठी १५०-६०० लेन्स घ्यायलाच हवी का?

मोहफूल

मे महिन्यात मोहर्ली गेटच्या चार सफारी बुक झाल्या आहेत. माझ्याकडे क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी, म्हणजे कॅमेरा, आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. जो भेटतो तो एकच सांगतो, "१५०-६०० घे, नाहीतर एवढा खर्च करून जाऊ नकोस." महिनाभर विचार केला आणि न घेण्याचं ठरवलं. मला तर वाटतं, ताडोबाला पहिल्या-दुसऱ्या खेपेला जाणाऱ्या बहुतेकांनी घेऊ नये.

मागच्या उन्हाळ्यात जिप्सीत माझ्या शेजारी एक काका १५०-६०० पूर्ण ६०० वर लावून बसले होते. वाघीण बांबूतून रस्त्यावर उतरली आणि सरळ आमच्याकडे चालत आली. काकांच्या फ्रेममध्ये आधी तिचं डोकं मावलं, मग नुसते डोळे आणि नाक, मग काहीच नाही. माझ्या ३०० वर वाघीण, मागचा बांबू आणि पंजा टेकताना उडालेली धूळ, सगळं आलं. हिशेब सरळ आहे. क्रॉप बॉडीवर ६०० लावून वीस मीटरवर नेम धरला तर फ्रेमची रुंदी जेमतेम ८० सेंमी भरते. वाघाचं अंग शेपटी सोडून दीड-दोन मीटर. ताडोबात वाघ रस्त्यावरून चालतात, जवळ येतात, आणि गाडीतून उतरून मागे सरकायची सोय नसते.

शिवाय पहाटेचा उजेड. ६०० हातात धरून शटर १/१००० सेकंदाच्या खाली आणायची भीती वाटते, फोटो हलेल म्हणून. ३०० वर बसलेला वाघ १/२५० ला मिळतो. म्हणजे दोन स्टॉप (चौपट उजेड), आयएसओ ६४०० ऐवजी १६००, फोटो कमी दाणेदार. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे तळ्याचा, झाडांचा, गाडीतल्या आपल्या माणसांचा फोटोही कॅमेऱ्यावरच काढायचा असतो. वाचलेल्या पैशांत एक चांगली ८x४२ दुर्बीण घेईन आणि उरलेल्यात पुढच्या सफारी करेन.

चांदागड

मोहफूल ताई, एका वाघिणीवरून नियम नका करू जी. मी चंद्रपूरचाच. वाघ रस्त्यावर येतो हे खरं, पण तेलिया किंवा ताडोबा तळ्याच्या पलीकडच्या काठावर बसलेला वाघही तितकाच खरा. शंभर मीटरवर तुमच्या ३०० ची फ्रेम आठ मीटर रुंद होते. त्यात आडवा बसलेला वाघ जेमतेम पाचवा हिस्सा. घरी येऊन क्रॉप करत बसाल तर केस न् केस कुठून येणार?

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. लेन्स आखूड असली की माणूस गाडीला लेन्स करतो. "भाऊ, थोडं पुढे घ्या ना" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडलात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या वाघिणीचं मला फार लागलं. लांब लेन्सवाल्याला गाडी ५० मीटरवर उभी राहिली तरी चालते. म्हणून मी म्हणतो, घ्या. जनावराला जागा सोडण्यासाठी घ्या.

मोहफूल

उमरेडचं वाचून मलाही झोप लागली नव्हती. पण हाव लेन्सच्या लांबीने कमी होते, हे मला पटत नाही. ते ६०० वाले काका सगळ्यात जास्त वेळा ड्रायव्हरला सांगत होते, "जरा आडवी लावा, गवताची काडी मध्ये येतेय." गाडी तीनदा मागे-पुढे झाली. वाघीण दोनदा थांबून आमच्याकडे बघत राहिली. अंतर राखणं गाइडने आणि आपण ठरवायचं असतं.

आणि शंभर मीटरचं म्हणाल, तर मे महिन्यात सकाळी नऊनंतर जमीन तापली की मधली हवा थरथरते. चंद्रपूरच्या उन्हाचं तुम्हाला मी काय सांगणार! त्या हवेतून कुठल्याही किमतीच्या लेन्सने काढा, पट्टे विरघळल्यासारखेच येतात. म्हणजे लांबच्या वाघासाठी लांब लेन्स उपयोगी पडते ती सकाळचे पहिले दोन-तीन तास, आणि मग थेट संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

तिबोटी

तुम्ही दोघं वाघावरच अडलात. मी ताडोबाला नवरंग पक्ष्यासाठी जाते. मेअखेरीस तो यायला लागतो, बांबूखालच्या पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. लांबी सुमारे १८ सेंमी. बारा मीटरवर ३०० ची फ्रेम ९४ सेंमी रुंद, म्हणजे पक्षी पाचवा हिस्साही नाही. ६०० वर तो दुप्पट मोठा मिळतो आणि मग पोटाखालचा लाल रंग, डोळ्यावरची काळी पट्टी नीट दिसते. स्वर्गीय नर्तक पाण्यावर येतो, सर्पगरुड ऐनाच्या फांदीवर बसतो, तिथेही हेच. पुढे भिगवणला पक्षी बघायला जाल तेव्हा तर ३०० हातात धरून नुसती हळहळ होईल.

आणि ६०० वर १/१००० लागतंच असं नाही. बीन बॅगवर (धान्य भरलेल्या पिशवीवर) लेन्स टेकवायची, स्टॅबिलायझर चालू ठेवायचा आणि ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगायचं. इंजिन चालू असलं की जिप्सीचा अख्खा सांगाडा थरथरतो आणि दोष मात्र लेन्सला मिळतो. सगळे शांत बसले तर बसलेला वाघ १/२५० लाही स्वच्छ येतो. मी काढलेत.

दुर्बिणीबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. चितळाचा धोक्याचा कॉल आला की आधी दुर्बीण लावावी. चितळ कुठे टक लावून बघतंय ते कळतं.

जुनीकाच

विकत घ्यायची की नाही यावर एवढं भांडण कशाला? भाड्याने घ्या. पण घेताना तपासा. मी पुण्यात एका दुकानातून १५०-६०० आणली, घाईत न बघता बॅगेत टाकली. चार सफारींच्या सगळ्या फोटोंत डावी बाजू मऊ, पुसट आली. आतली एखादी काच सरकलेली असणार. ते घरी मोठ्या स्क्रीनवर कळलं. अस्वलीण पाठीवर दोन पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि पिल्लं नेमकी डावीकडे होती. ती सकाळ मला परत मिळणार नाही.

तेव्हापासून लेन्स भाड्याची असो वा जुनी विकतची, असं करतो. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राची चार पानं चिकटवायची, पंचवीस-तीस मीटरवर ट्रायपॉड लावायचा, ६०० वर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो घ्यायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचायची. एकच बाजू पुसट असेल तर लेन्स परत. मागून टॉर्च मारून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला ती हटकून लागते. शेवटी रस्त्याकडेला उभं राहून अंगावर येणाऱ्या दुचाकीवर फोकस धरून बघा. तिथे अडखळली तर चालत्या वाघावरही अडखळणार.

मोहफूल

जुनीकाच, हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. पिल्लांचं वाचून वाईट वाटलं.

तिबोटी, नवरंगाचा मुद्दा मान्य. माझ्या ३०० ने त्याला न्याय मिळणार नाही. पण पक्ष्यांसाठी लांब लेन्स घ्या हे एक, आणि वाघ बघायला जाताय म्हणून कर्ज काढून घ्या हे दुसरं. मला सगळे दुसरंच सांगत होते. चारपैकी शेवटच्या दोन सफारींना भाड्याची आणेन. पहिल्या दोन माझ्या ३०० वरच.

चांदागड

मी अजूनही म्हणेन, पहिल्या दोनलाच आणा. तळ्यावरचा वाघ तुमच्या वेळापत्रकाने थोडाच बसणार आहे? आणि चालत्या गाडीत लेन्स बदलू नका. धूळ सेन्सरवर बसली की सफारीभर प्रत्येक आभाळात ठिपके. त्यापेक्षा कुणाची जास्तीची बॉडी मागून आणा. दुपारच्या फेरीला काळी लेन्स हात लावू देत नाही इतकी तापते, वरून पांढरा दुपट्टा टाका. आमच्याकडे सगळे वापरतात.

बीन बॅग रिकामीच आणा. चार किलो तांदूळ मी मोहर्लीत घेऊन ठेवतो.